हनुवटीच्या एकोणीस रेषा

ड्रेस्डेन शहराच्या फ्रीडरिखश्टाट वस्तीत, रेल्वेच्या मालधक्क्यापलीकडे, आल्विन लेश्के यांचं चित्रांच्या चौकटींचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीशी हुल्डा नोआक सव्वीस वर्षं बसत आली होती. तिचं काम पावाचं. हसू नका. पेन्सिलीनं काढलेलं चित्र काचेखाली जायच्या आधी साफ करावं लागतं, आणि त्याला रबर चालत नाही, रबर कागदाची साल ओढून नेतं. त्याला लागतो आदल्या दिवशीचा पांढरा पाव. ताजा पाव चिकटतो, दोन दिवसांचा ओरखडे काढतो, आणि राईचा काळा पाव तर आंबट डाग पाडून ठेवतो. हुल्डा सकाळी पावाचा आतला गर काढून बोटांनी मळायची, कागदावर घालून तळव्यानं गोल गोल फिरवायची आणि काळवंडलेला चुरा हंसाच्या पिसानं झाडून टाकायची.

धूळ आणि बोटांचे डाग काय, कोणीही काढेल. हुल्डाचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चित्र काढणारे आधी चाचपडतात. खांदा इथे की तिथे, नाक एवढं की तेवढं, असं करत पाच रेषा ओढतात तेव्हा कुठे एक बरोबर बसते. हुल्डा गराला टोक काढून चार चुकार रेषा अलगद उचलायची आणि पाचवी ठेवायची. कोणती ठेवायची ते तिला कोणी सांगत नसे. लेश्क्यांच्या दुकानाची रीतच होती ती, त्यांच्या वडिलांपासूनची: पेन्सिलीचा कागद आला की तो न विचारता साफ व्हायचा आणि मगच चौकटीत जायचा. कला अकादमीचे प्रोफेसर टिटमान आपल्या विद्यार्थ्यांना म्हणत, "परीक्षा मी घेतो, निकाल नोआकबाई लावतात." हे तिच्या कानावर आलं होतं. तिनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि त्या आठवड्यात शेजारणींना चार वेळा सांगितलं.

ती मूळची लाउझिट्झकडच्या एका खेड्यातली. सतराव्या वर्षी थोरल्या लेश्क्यांकडे मोलकरीण म्हणून आली, आणि त्यांचा पाव फिरवणारा म्हातारा वारला तेव्हा त्याच्या खुर्चीत बसली ती बसलीच. तिचा नवरा ब्रूनो ट्रामवर कंडक्टर होता. चित्रं, चर्च आणि डॉक्टर या तिन्हींपासून तो लांब राहायचा. मूलबाळ नव्हतं. त्या विषयावर जिन्यातल्या बायकांनी पहिली दहा वर्षं मनसोक्त बोलून घेतलं, मग कंटाळून सोडून दिलं.

१९०७ सालच्या शरदातली गोष्ट. मंगळवारी दुकानात आन्सेल्म रीत्स आला. हा त्स्विकाउच्या एका घरं बांधणाऱ्या ठेकेदाराचा मुलगा. बापानं इमारतींचे नकाशे शिकायला पाठवलं होतं, आणि यानं मागच्या गल्लीतलं चांभाराचं बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेऊन तीन मित्रांसह चित्रं काढायला सुरुवात केली होती. अंगात रंग लागलेला कोट, केस कापायचे राहिलेले. येत्या रविवारी त्यांचं पहिलं प्रदर्शन होतं, एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या कोठारात. बाकीची चित्रं टाचण्यांनी भिंतीला लावायची होती. पण एक पेन्सिलचित्र दाराशी, चौकटीत लावायचं असं त्यानं ठरवलं होतं.

चित्र बायबलातल्या साराचं होतं. साराची गोष्ट तिथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. नव्वद वर्षांची बाई, मूल नाही. एके दुपारी नवऱ्याकडे तीन पाहुणे येतात आणि सांगतात, पुढच्या वर्षी या वेळेला तुझ्या बायकोला मुलगा होईल. सारा तंबूच्या दारामागून ऐकत असते. ती मनातल्या मनात हसते. पाहुणा विचारतो, ही का हसली? ती घाबरून म्हणते, मी हसले नाही. तो म्हणतो, नाही कशी, हसलीस.

रीत्सच्या कागदावर पाहुणे नव्हतेच. होतं नुसतं दार, आणि दाराला रेलून, तोंडावर हात दाबून उभी असलेली म्हातारी. लेश्क्यांनी कागद हुल्डासमोर ठेवला तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. असा गलिच्छ कागद तिच्या टेबलावर आजवर आला नव्हता. त्यावर बुटाचा ठसा होता, मेणबत्तीचा थेंब होता. आणि रेषा! एका हनुवटीला तिनं एकोणीस रेषा मोजल्या. खांद्याला अकरा. हाताची बोटं तर किती आहेत तेच कळेना.

"जमिनीवर बसून काढलंय वाटतं," ती म्हणाली.

"जमिनीवर बसून आणि डोळे मिटून," लेश्के म्हणाले. "पण गिऱ्हाईक आहे. नेहमीसारखं करा."

बुधवारी तिनं नेहमीसारखं केलं. पाऊण तास लागला. अशा रानटी कागदातूनही तिनं बरोबर रेषा शोधून काढली: हनुवटीची सातवी, खांद्याची तिसरी, मनगटाची अगदी आतली. बाकी सगळं पावानं खाल्लं. काम झाल्यावर कागद हात लांब करून पाहिला. स्वच्छ, सुबक, अकादमीत लावण्याजोगी म्हातारी. फक्त एक गोष्ट तिला खटकली. म्हातारीची दाढ दुखत असावी असं वाटत होतं. ते काही आपल्या हातात नाही, असं म्हणून तिनं कागद बाजूला ठेवला आणि जेवायला बसली.

गुरुवारी रीत्स आला. कागद हातात घेऊन तो खिडकीच्या उजेडात गेला. हुल्डा कौतुकाची वाट पाहत होती. कौतुकाची तिला सव्वीस वर्षांची सवय होती.

"छान झालंय, बाई," तो शेवटी म्हणाला. "अगदी स्वच्छ. चौकट राहू द्या."

कागदाची गुंडाळी करून तो निघाला. हुल्डा एप्रनसकट त्याच्या मागे रस्त्यावर आली.

"थांबा हो. छान झालंय तर चौकट का नको?"

"असंच."

"असंच काय? माझ्या हातून काही बिघडलं असेल तर तोंडावर सांगा. मी काही मोडून पडायची नाही."

रीत्सनं गुंडाळीकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "ती हसत होती, बाई," तो म्हणाला. "आता हसत नाही."

"एकोणीस रेषा होत्या हनुवटीला! बाईमाणसाला हनुवटी एकच असते."

"हसणाऱ्या बाईला नसते."

एवढं बोलून तो गेला. हुल्डा परत येऊन बसली. दिवसभरात तिनं दोन कागद साफ केले आणि दोन्ही वेळा हात नको तिथे थांबला. तिला आधी त्या पोराचा राग आला, मग दाढ दुखणारी म्हातारी डोळ्यांसमोर आली, आणि मग आपलाच राग आला. कारण बुधवारी तिला खटकलं होतं. खटकूनही ती जेवायला बसली होती.

संध्याकाळी जिन्यात बायका बटाटे सोलत बसल्या होत्या. हुल्डा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शेजारीण मिर्चिनबाईंना म्हणाली, "एकदा हसून दाखवा बघू."

"का? काय झालं?"

"काही नाही. हसा."

"अगं बाई, कारणाशिवाय कशी हसू? ब्रूनोला पगारवाढ मिळाली का?"

"ब्रूनोला? कंपनीला घबाड सापडलं तरी मिळायची नाही."

मिर्चिनबाई हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या, मांडीवरचा बटाटा जिन्यावरून घरंगळत गेला. हुल्डा कंबरेवर हात ठेवून त्यांच्या हनुवटीकडे टक लावून पाहत होती. हनुवटी एका जागी नव्हती. वर होती, खाली होती, गळ्यात शिरत होती, खांद्याला लागत होती. तिच्यातली बरोबर कुठली ते हुल्डाला ठरवता येईना.

"हिला झालंय तरी काय?" बायका आपसात म्हणाल्या. हुल्डा वर गेली. उकडलेले बटाटे, चक्का आणि वर जवसाचं तेल असं ताट तिनं ब्रूनोपुढे ठेवलं आणि जाहीर केलं, "मी एका पोराचं चित्र मारून टाकलंय. रविवारच्या आत ते मला उभं करायचंय."

"बरं," ब्रूनो म्हणाला. तो कमी बोलायचा, आणि जेवताना तर नाहीच.

शुक्रवारी तिनं लेश्क्यांकडे शनिवारची सकाळ मागितली. लेश्के माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. कारण कळल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"नोआकबाई, आपली काही चूक नाही. वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे."

"रीत रीतीच्या जागी. चूक माझी आहे. मला दिसलं होतं."

"हे बाहेर बोलू नका. उद्या प्रोफेसर टिटमान म्हणतील, या बाईनं आमच्या कागदांवरचं काय काय पुसलं असेल? अकादमीचं काम गेलं तर दुकानात उरतं काय? आणि तुम्हाला तरी मी कुठल्या खुर्चीत बसवू?"

हुल्डाला त्यांचं म्हणणं कळत होतं. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार होतं तिला? "मी उद्या सकाळी येणार नाही," ती म्हणाली. "दुपारी येईन. येताना कागद आणेन. तो चौकटीत घालायचा."

शनिवारी सकाळी ती चांभाराच्या दुकानात गेली. आत स्टोव्हचा धूर, भिंतीवर हिरव्या-लाल बायका, कोपऱ्यात न धुतलेली भांडी. रीत्सनं तिला पाहून घाईघाईनं एक स्टूल पुसलं आणि कॉफी दिली. कपाच्या तळाशी रंगवलेलं फूल स्पष्ट दिसेल इतकी ती पातळ होती.

"कागद आण तो," ती म्हणाली. कालपर्यंतचं अहोजाहो तिनं दाराबाहेरच ठेवलं होतं. "पाव शिसं उचलतो, दाब उचलत नाही. तू रेटून काढतोस. चर पडलेत."

तिनं कागद खिडकीशी आडवा, डोळ्यांच्या पातळीला धरला. तिरप्या उजेडात पुसलेल्या एकोणीसही रेषा बारीक सावल्यांनी उठल्या. रीत्स थक्क झाला. मग पेन्सिल घेऊन त्या चरांतून फिरवू लागला. एक गिरवली, दुसरी गिरवली, चौथीला त्यानं पेन्सिल ठेवली. दोघांनाही दिसत होतं. रेषा होत्या तिथेच येत होत्या, पण म्हातारीची दाढ आता दोन्हीकडून दुखत होती.

"ते गेलं, बाई," तो म्हणाला. "राहू द्या. तुमची चूक नाही, मलाच तुमची रीत माहीत नव्हती. दुसरं काहीतरी लावू दाराशी."

"दुसरं काही नाही. हेच पुन्हा काढ. मी बसते."

"तुम्ही? सारा म्हणून?"

"नव्वदची नाही दिसत, माहितेय. भागवून घे."

ती दाराला टेकून उभी राहिली, तोंडावर हात दाबला आणि हसायचा प्रयत्न केला. रीत्सनं दोन कागद फाडले. तो म्हणाला, सोपं आहे बाई, तिला आनंद झालाय. हुल्डानं आनंद आणून पाहिला. मग तो म्हणाला, नाहीतर तिला पाहुण्यांची मजा वाटतेय. हुल्डानं मजा आणली. तिसरा कागद फाटला.

हुल्डानं हात खाली घेतला. "तुला ती का हसली तेच माहीत नाही," ती म्हणाली. "पहिलं चित्र तुझ्या हातून नकळत निघालं असेल."

"मग तुम्हाला माहितेय?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. हे तिनं तेरा वर्षांत जिन्यात नाही, चर्चमध्ये नाही, उशीपाशीसुद्धा बोललं नव्हतं. पण रविवार उद्यावर आला होता आणि पुसलं तिनंच होतं.

"मी एक्केचाळीस वर्षांची होते," ती म्हणाली. "पाठ दुखायची म्हणून डॉक्टरकडे गेले. तो म्हातारा, कानानं अधू, त्यामुळे सगळं ओरडून बोलायचा. बाहेर बारा माणसं बसलेली. आणि तो ओरडतोय, 'नोआकबाई, पाठीला काही झालेलं नाही, मार्चमध्ये पाळणा बांधा!' सोळा वर्षं संसार करून! मी म्हटलं, हळू बोला हो. तर तो म्हणतो, 'काय? जुळी? ते आत्ताच कसं सांगू!'"

तिचा ओठ हलला. हात आपोआप तोंडावर गेला.

"मी त्या बारा माणसांमधून बाहेर आले ती अशी. तोंड दाबून. आनंद नाही रे तो. आनंद करायला धीर लागतो. मला खरंही वाटत नव्हतं आणि खोटंही म्हणवत नव्हतं. मी रस्ताभर हसत होते, आणि कोणी पाहिलं तर काय सांगू म्हणून भीतीनं मरत होते. घरी नवरा जेवायला आला होता. म्हटलं रविवारी सांगू, खात्री झाली की सांगू. तीन आठवड्यांनी सांगण्यासारखं काही उरलंच नाही."

ती अजून हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हनुवटी कुठल्या कुठे चालली होती. रीत्स जमिनीवर बसला होता, मान वर, पेन्सिल कागदावरून न उचलता फिरत होती, आणि हाताखालचा कागद तो बघतही नव्हता. चार मिनिटं लागली असतील, फार तर पाच.

"दाखव," डोळे पुसून ती म्हणाली.

पाहिलं आणि तिला लाज वाटली. मग लाज मागे पडली. सवयीनं तिची नजर बरोबर रेषा शोधू लागली, हनुवटीपाशी फिरली, खांद्यापाशी फिरली, दोनदा फिरली, आणि तिनं तो नाद सोडून दिला. म्हातारी तोंड दाबून उभी होती आणि तिच्या अंगातलं काहीही एका जागी राहत नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तर नाही लावणार," रीत्स हळूच म्हणाला. "कोणी ओळखलं तर..."

"नाक माझं आहे, ओळखतीलच. लाव."

दुपारी तिनं स्वतः तो कागद चौकटीत बसवला. लेश्के डोकावून गेले.

"कोपऱ्यात अंगठा उमटलाय, नोआकबाई."

"उमटू दे."

रविवारी कोठारात शंभरएक माणसं आली. बिटाच्या बियाण्यांचा वास आणि त्यात नव्या रंगांचा. बरेचसे लोक हसायलाच आले होते आणि ते मोकळेपणानं हसले. प्रोफेसर टिटमान आले, आपल्या हातमोज्यांना काही लागणार नाही अशी काळजी घेत दाराशी थांबले. मागे लेश्के, चेहऱ्यावर घाम.

"काय हे," प्रोफेसर प्रेमानं म्हणाले. "नोआकबाई, हा कागद पाऊण तास तुमच्या हाताखाली असता तर याचं चित्र झालं असतं."

हुल्डाला लेश्क्यांचा श्वास ऐकू आला. गप्प बसणं अगदी सोपं होतं.

"याच्या आधीचा होता, प्रोफेसरसाहेब," ती म्हणाली. "पाऊण तासच होता. मी त्याची वाट लावली. म्हणून हे पुन्हा काढावं लागलं."

प्रोफेसरांनी भुवया उंचावल्या, तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि लेश्क्यांकडे वळून म्हणाले, "सोमवारी येतो मी. बोलायचंय." लेश्के पांढरेफटक पडले. बोललेलं परत घ्यावंसं हुल्डाला वाटलं नाही.

ब्रूनो उशिरा आला, ट्रामच्या गणवेशातच. तिनं ये म्हटलं होतं म्हणून आला होता. कोठारात दोन पावलं टाकून तो दाराजवळच्या चौकटीपाशी थांबला, आणि थांबूनच राहिला. हुल्डा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता म्हणेल, हे काय मेलं नाक काढलंय.

"हे तोंड मी पाहिलंय," ब्रूनो म्हणाला.

"माझंच आहे. रोज पाहतोस."

"रोजचं नाही. हे एकदाच पाहिलंय." तो सावकाश बोलत होता. "पाठ दाखवायला गेली होतीस. मी जेवायला आलो होतो. तू आत आलीस ती अशी, तोंडावर हात. मी विचारणार होतो काय झालं. मग तू सूप वाढायला लागलीस, आणि मला ट्राम गाठायची होती. नंतर तुझा चेहरा तसा राहिलाच नाही. मग विचारायची हिंमत झाली नाही."

भोवती लोक हसत होते, ढकलाढकली चालली होती. हुल्डाला रडू येत होतं, आणि तिनं ते येऊ दिलं.

"मग आता विचार," ती म्हणाली.

ब्रूनोनं टोपी काढून काखेत धरली, आणि विचारलं.